वाचनाची गोडी आणि फ्रिजवरचा तक्ता

पालकसभेत शिक्षकांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "आमची मुले अवांतर काही वाचतच नाहीत, काय करावे?" वर्षाच्या पहिल्या सभेत तो येतो आणि १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात, पुन्हा येतो. उत्तरही ठरलेले असते. घरात पुस्तके ठेवा. आईवडिलांनी स्वतः वाचत बसावे. टीव्ही आणि मोबाइल बंद करा. रोज अर्धा तास वाचनासाठी राखून ठेवा. मुलाने पुस्तक संपवले की शाबासकी द्या, जमल्यास छोटेसे बक्षीस द्या. पाहुणे म्हणून बोलावल्यावर आम्हीही हे उत्तर अनेकदा दिले आहे. श्रोते ते वहीत उतरवून घेतात आणि चहा होतो.

आमच्या व्यवसायात दुसऱ्याच्या निबंधाचे परीक्षण करताना समासात 'कशावरून?' असे लिहिण्याची सवय लागते. हा प्रश्न आम्ही या उत्तराला कधी विचारला नव्हता. तो विचारण्याची वेळ आली ती आमच्याच घरातील एका फसलेल्या प्रयोगामुळे. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी पहिला सल्ला घेऊ : घरात पुस्तके ठेवा. याच्या बाजूने पुरावा नाही असे नाही. २०१० साली एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ देशांतील माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईवडिलांचे शिक्षण आणि व्यवसाय सारखे धरले, तरी पाचशे पुस्तके असलेल्या घरातील मूल पुस्तके नसलेल्या घरातील मुलापेक्षा सरासरी ३.२ वर्षे अधिक शिकते, असे त्यात आढळले. हा आकडा लहान नाही. परंतु पाचशे पुस्तकांचे कपाट आपोआप येत नाही. ते घेणारी माणसे असतात, त्यांच्या जेवणाच्या वेळच्या गप्पा असतात, त्यांचा स्वभाव असतो, आणि स्वभावाचा काही भाग मुलांकडे रक्तातूनही जातो. उद्या एखाद्या दानशूर संस्थेने प्रत्येक घरात पाचशे पुस्तके ट्रकने पोचवली, तर मुले सव्वातीन वर्षे अधिक शिकतील का? अभ्यास तसे म्हणत नाही. त्याचा हवाला देणारे लेख मात्र तसे सुचवतात.

दुसरा नेहमीचा हवाला अँडरसन, विल्सन आणि फील्डिंग यांच्या १९८८ सालच्या अभ्यासाचा असतो. अमेरिकेतील पाचवीच्या १५५ मुलांनी शाळेबाहेरचा वेळ कसा घालवला याची रोजची नोंद ठेवली. अगदी मधल्या क्रमांकावरचे मूल दिवसाला पाच मिनिटेही पुस्तक वाचत नव्हते. सर्वांत वरच्या टोकाचे मूल ६५ मिनिटे वाचत होते. शब्दांत मोजले तर वर्षाला सुमारे २ लाख ८२ हजार शब्द एकीकडे आणि ४३ लाखांहून अधिक दुसरीकडे. जास्त वाचणारी मुले वाचनाच्या चाचण्यांतही पुढे होती. यावरून आपण सहज म्हणून टाकतो की जास्त वाचले म्हणून ती पुढे गेली.

इथेच थांबायला हवे. उंच मुले बास्केटबॉल अधिक खेळतात, यावरून बास्केटबॉलने उंची वाढते असे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवणार नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या की कोणती कोणामुळे, हे वेगळे शोधावे लागते. वाचनाच्या बाबतीत तो शोध २०१८ साली नेदरलँड्समध्ये एल्शे व्हान बेर्गेन यांच्या गटाने घेतला. त्यांनी अकरा हजारांहून अधिक जुळ्या मुलांची, सातव्या-आठव्या वर्षीची माहिती वापरली. जुळी मुले कशासाठी, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. एकबीज जुळ्यांचा जनुकीय वारसा जवळजवळ सारखाच असतो, द्विबीज जुळ्यांचा सर्वसाधारण भावंडांइतकाच. घर मात्र दोघांनाही एकच असते. त्यामुळे कोणत्या गोष्टीत घराचा वाटा किती आणि वारशाचा किती, याचा अंदाज करता येतो. मूल स्वखुशीने किती वाचते यावर घराचा प्रभाव ठळक दिसला. वाचता किती चांगले येते यावर तो तसा दिसला नाही. आता जास्त वाचण्यामुळे वाचनक्षमता वाढत असती, तर घराचा जो प्रभाव वाचनाच्या प्रमाणावर पडतो तो झिरपत वाचनक्षमतेतही दिसायला हवा होता. तो दिसला नाही. गणित उलट दिशेने मात्र जुळले : ज्यांना वाचता चांगले येते, ती अधिक वाचतात.

हा एका देशातला, एका वयाचा निष्कर्ष आहे. मोठ्या वयात बाण दोन्ही दिशांना जात असेल. शिवाय वाचनाने शब्दसंपत्ती आणि माहिती वाढते, त्याला या अभ्यासाने बाध येत नाही. परंतु आपल्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. 'गोडी नाही म्हणून वाचत नाही' असे आपण ज्या मुलाविषयी म्हणतो, त्याला कदाचित धड वाचताच येत नसेल. ग्रामीण भारतात 'असर'ची पाहणी वर्षानुवर्षे सांगत आहे की पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही. अशा मुलाला वाचनाच्या आनंदावर व्याख्यान देणे म्हणजे पाण्यात हातपाय मारणाऱ्याला नदीचे सौंदर्य दाखवण्यासारखे आहे.

मराठीत हे जरा निराळ्या तऱ्हेने घडते. देवनागरी लिपी उच्चारानुसार चालते, त्यामुळे मुले अक्षरओळख लवकर पार करतात आणि 'वाचायला येते' असा शेरा मिळतो. खरी चढण जोडाक्षरांपासून लागते. तिसरी-चौथीच्या मुलाला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मोठ्याने वाचायला सांगा आणि घड्याळ पाहा. 'प्र'वर एक थांबा, 'सं'वर दुसरा, 'श्ले'वर तिसरा. शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. 'विद्युच्चुंबकीय'बद्दल तर बोलायलाच नको. मुलांसाठी म्हणून निघणाऱ्या आमच्या विज्ञानविषयक पुस्तकांचे एखादे पान उघडा आणि अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारा. आम्ही मारून पाहिल्या. काही पानांवर अधोरेखित न केलेल्या ओळीच शोधाव्या लागल्या. संज्ञा टाळाव्यात असे आमचे म्हणणे नाही. पण एका परिच्छेदात पाच नव्या संज्ञा घालणारा लेखक कोणासाठी लिहितो हा प्रश्न पडतो. बहुधा परीक्षणासाठी आपल्यासारख्या संशोधकाकडे पुस्तक जाईल, या धास्तीने तो लिहितो. त्या अर्थी दोष आमच्याही पदरात येतो.

आता तक्त्याची हकीकत. आमची मुलगी नऊ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. एक पुस्तक संपले की एक चांदणी, आणि वीस चांदण्या झाल्या की सायकल. त्याआधी ती बऱ्यापैकी वाचत असे, म्हणजे जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडून ठेवण्यावरून तिला ओरडावे लागे. तक्ता लागल्यावर वाचन जोरात सुरू झाले. आम्ही खूश होतो. तीन आठवड्यांत वीस चांदण्या झाल्या. आमच्या लक्षात आले नाही ते इतकेच, की पुस्तके दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. शेवटची चार सोळा-सोळा पानांची होती आणि त्यातली दोन तिने पहिलीत असताना वाचलेली होती. सायकल आली. त्यानंतर दिवाळीपर्यंत तिने एकही पुस्तक हातात घेतले नाही. विचारले तर म्हणाली, "आता कशासाठी?"

या एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. आमच्या धाकट्या मुलाला तक्ता लावला नव्हता, त्याला नियंत्रण गट म्हणावे, तर दोघांत साडेतीन वर्षांचे अंतर आहे आणि स्वभावात त्याहून जास्त. पण जे घडले ते आम्हांला अपरिचित असायला नको होते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. चित्रे काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची ५१ मुले त्यांनी निवडली. काहींना सांगितले की स्केचपेनने चित्र काढलेत तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक, चित्र काढून झाल्यावर दिले. उरलेल्यांना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते मांडून ठेवले आणि मोकळ्या वेळेत कोण किती वेळ चित्रे काढते ते लपून मोजले. बक्षीस न मिळालेल्या मुलांनी सुमारे १७ टक्के वेळ चित्रांना दिला, अचानक मिळालेल्यांनी १८ टक्के, आणि बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्यांनी साडेआठ टक्के. म्हणजे निम्मा.

यावर पुढे बराच वाद झाला आणि १९९९ साली डेसी, कोस्टनर व रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हाही मूळ निष्कर्ष बव्हंशी टिकला. मात्र त्याची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. बक्षिसाने नुकसान होते ते आवडीच्या कामात. ज्या मुलाला अजून अडखळत वाचावे लागते, त्याला रोजच्या दहा मिनिटांच्या सरावासाठी काही आमिष दाखवले तर कमी होण्यासारखी आवडच तिथे नसते. गंमत अशी की शाळांतील आणि घरांतील वाचनस्पर्धांची बक्षिसे नेमकी उलट ठिकाणी जातात. आधीच वाचणारी मुले ती पटकावतात आणि अडखळणारी टाळ्या वाजवतात.

सुट्टीत 'पाच पुस्तके वाचून प्रत्येकाचा परिचय लिहून आणा' असे सांगण्याची पद्धतही याच जातीची आहे. त्यात लेखकाचे नाव, मुख्य पात्रे, आवडलेला प्रसंग आणि 'या पुस्तकातून काय शिकलो' असे रकाने असतात. आपण स्वतः रात्री अंथरुणात पडून एखादी रहस्यकथा वाचावी आणि सकाळी कोणी तिचे तात्पर्य विचारावे, तर किती दिवस वाचू? डानियल पेनाक या फ्रेंच शिक्षक-कादंबरीकाराने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांत पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट टाकण्याचा, आणि मुळात न वाचण्याचाही हक्क आहे. आमच्या ग्रंथालयांच्या नोंदवहीत अर्धवट टाकलेल्या पुस्तकासाठी रकाना नाही. तो असता तर कोणती पुस्तके मुलांनी कितव्या पानावर टाकली, हे तरी लेखकांना कळले असते. संशोधक म्हणून आम्हांला तो विदा फार मोलाचा वाटतो.

आणि आता त्या पुस्तकांकडेच वळू. घरोघरच्या कपाटांत मुलांसाठी म्हणून जी विज्ञानाची पुस्तके आढळतात ती बहुतांशी तीन प्रकारची : प्रश्नमंजूषा, एकशे एक प्रयोग, आणि शास्त्रज्ञांची चरित्रे. प्रश्नमंजूषेबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. प्रयोगांची पुस्तके हात चालवण्यासाठी असतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला लावणारी जी पुस्तके लिहिली, ती या प्रकारात उत्तम आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर इतरही असंख्य पुस्तके विनामूल्य मिळतात. तक्रार आहे ती चरित्रांबद्दल.

मायकेल फॅरडेचे चरित्र आपल्याकडे कसे सांगितले जाते? गरीब लोहाराचा मुलगा, शिक्षण नाही, बुकबाइंडरकडे उमेदवारी, कष्ट, चिकाटी, आणि शेवटी थोर शास्त्रज्ञ. प्रत्येक वाक्य खरे आहे. गाळलेली गोष्ट अशी, की हा मुलगा बांधणीला आलेली पुस्तके वाचत असे. ती त्याच्यासाठी आणलेली नव्हती, त्याने वाचावीत अशी कोणाची अपेक्षा नव्हती, आणि मालक रिबो याने त्याला अडवले नाही. त्यांतले एक ब्रिटानिका विश्वकोशाचा खंड होता, ज्यात विजेवरचा लेख होता. दुसरे जेन मार्सेट या बाईंचे, १८०६ साली लेखिकेच्या नावाशिवाय निघालेले रसायनशास्त्राचे पुस्तक. ते संवादरूपात आहे : एक शिक्षिका, आणि एमिली व कॅरोलाइन या दोन मुली. एमिली समंजस आहे. कॅरोलाइन उतावीळ आहे, मध्येच तोंड घालते, कंटाळते, रसायनशास्त्रात काही राम नाही असे आरंभीच सुचवून मोकळी होते. पुस्तक वाचताना फॅरडे त्यातील विधाने आपल्या ऐपतीत बसतील अशा छोट्या प्रयोगांनी ताडून पाहत असे, आणि ती खरी ठरत गेली तसा त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. हे त्याने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. आमच्या मते चरित्राचा गाभा इथे आहे. त्याऐवजी मुलांना कष्ट आणि चिकाटी मिळते, जी त्यांना सुविचाराच्या फळ्यावर रोजच मिळत असते.

याच फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्सने ती संपादित केली आणि १८६१ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. त्यात ज्वलनाची व्याख्या आधी येत नाही. आधी येते ती मेणबत्तीच्या माथ्यावर तयार होणारी वितळलेल्या मेणाची वाटी. ती वाटी का होते, तिची कड का वितळत नाही, मेण वातीतून वर कसे चढते, हे पाहता पाहता पाणी, हायड्रोजन, हवा असे करत गाडी शेवटी आपल्या श्वासापर्यंत येते. आमच्याकडील ज्वलनावरचे कुठलेही बालपुस्तक काढा, पहिल्या ओळीत 'ज्वलन म्हणजे' असते. पहिल्या ओळीत उत्तर मिळाल्यावर पुढचे वाचायचे कशाला?

मराठीत हे जमलेले नाही असे नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा व्हर्नची माहिती गाळली नाही, पण ती कथेच्या वेगावर स्वार केली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, कारण ती कथा म्हणून तपासली जावी अशी त्यांची इच्छा होती. मोठ्या शास्त्रज्ञाची म्हणून तिला सवलत नको होती. ही कसोटी आम्ही सर्वच विज्ञानलेखकांना लावू. आणि चार-सहा वर्षांच्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची 'यश'ची पुस्तके पाहावीत. त्यांत विज्ञानाचे नावही नाही. पण घरातील वस्तू, माणसे आणि त्यांचे बोलणे इतके नेमके पाहिलेले आहे की निरीक्षण म्हणजे काय ते आमच्या प्रयोगवह्यांपेक्षा तिथे अधिक चांगले दिसते.

घरी पालक काय करू शकतात याचे आम्हांला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण रिचर्ड फाइनमन यांच्या आठवणींत आहे. वडील गणवेश विकण्याच्या धंद्यात होते. मुलाला मांडीवर घेऊन ते ब्रिटानिका वाचून दाखवत. डायनोसॉर पंचवीस फूट उंच आणि त्याचे डोके सहा फूट रुंद, असे आले की ते थांबत. म्हणजे तो आपल्या अंगणात उभा राहिला तर त्याचे डोके वरच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचेल, पण आत शिरणार नाही, खिडकी लहान पडेल. सूर्याचा व्यास १३,९२,००० किलोमीटर हा आकडा आपली मुले पाठ करतात. १०९ पृथ्व्या एका ओळीत मांडाव्या लागतील असे म्हणून, कपाटावर मोहरीचे दाणे मांडत बसायला वेळ लागतो. पुस्तक त्या दिवशी पुढे सरकत नाही. सरकू नये.

आमच्या मुलीचे वाचन पुढे सुरू झाले ते याच मार्गाने, आणि आमच्या योजनेबाहेर. धाकट्याला रात्री वाचून दाखवताना ती दारात केस विंचरत उभी राहू लागली. फार वेळ विंचरत असे. आम्ही तिला बोलावले नाही, कारण तोपर्यंत थोडेसे शहाणपण आले होते. एकदा स्वयंपाकघरात दूध उतू गेले म्हणून प्रकरण मध्येच सोडून उठावे लागले. परत येऊन पाहतो तो ती भावाला पुढचे वाचून दाखवत होती आणि चुकीच्या ठिकाणी थांबून त्याला छळत होती.

पण आमच्या घरी पुस्तके होती आणि वाचणारी माणसे होती. 'आईवडिलांनी स्वतः वाचत बसावे' या सल्ल्यावर आमचा मोठा आक्षेप असा की तो वर्गातल्या अनेक मुलांच्या घरांना लागूच पडत नाही. ज्या आईला अक्षरओळख नाही किंवा जिला संध्याकाळी बसायला मिळत नाही, ती पालकसभेतून अपराधी होऊन परत जाते आणि पुढच्या सभेला येत नाही. तिला करता येईल असे एक काम आहे, आणि ते आमच्या अर्ध्या तासाच्या शांत वाचनापेक्षा कमी प्रतीचे नाही. ते म्हणजे ऐकणे. अडखळणाऱ्या मुलाला मोठ्याने वाचायला एक श्रोता लागतो, आणि शाळेतला श्रोता चुका काढतो. आई चुका काढू शकत नाही, हा तिथे फायदा ठरतो.

आमच्या संस्थेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या एका बाईंचा मुलगा चौथीत आहे. आमच्याकडील 'किशोर'चे जुने अंक आम्ही त्याला देतो. त्या तांदूळ निवडत बसतात आणि तो वाचतो. मध्ये अडला की त्या "असू दे, पुढे काय झालं ते सांग" म्हणतात. परवा त्या आम्हांला म्हणाल्या, अंकाची शेवटची पाने फाटलेली होती, गोष्ट अर्धी राहिली. बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर'चे जुने अंक आहेत. आम्ही तिथेच मोबाइलवर तो अंक काढला, शेवटचे पान वाचले आणि सांगायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवले. "मला सांगू नका. त्याच्यासाठी पानं छापून द्या."